सणाचा हिशेब जानेवारीपासून उलटा मांडा

सणासुदीचं बजेट मांडायला बसलं की बहुतेकांच्या डोक्यात पहिला प्रश्न येतो: यंदा किती खर्च करायचा? त्याआधी दुसरा प्रश्न सोडवावा लागतो. सण उरकल्यावर पुढचा पगार हातात येईपर्यंत किती दिवस काढायचे आहेत, आणि तेवढ्या दिवसांत कोणकोणती देणी दारात उभी राहणार आहेत?

समजा, एरवी महिन्याच्या शेवटच्या दिवशी होणारा पगार सुट्ट्यांमुळे 22 डिसेंबरलाच जमा झाला. पुढचा पगार 31 जानेवारीला. मधे 40 दिवस. एरवी तीस दिवस पुरणारी रक्कम चाळीस दिवस पुरवायची, म्हणजे दिवसाकाठी चौथा हिस्सा कमी. त्यातच पाहुणे, प्रवास, भेटी आणि नव्या वर्षाच्या तोंडावर येणारी वार्षिक बिलं. लवकर आलेला पगार जादा आल्यासारखा वाटतो आणि घोळ तिथेच होतो. काहीही उधळपट्टी न केलेल्या घरातही जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात चणचण भासते, ती या वाढीव दहा दिवसांमुळे.

ज्यांना पगार नाही, म्हणजे धंदा करणारे, फ्रीलान्स काम करणारे, त्यांची अडचण वेगळी. त्यांची येणीच लांबतात. समोरच्या कंपनीत बिल मंजूर करणारा माणूस सुट्टीवर, त्याच्यानंतर सही करणाराही सुट्टीवर. म्हणून डिसेंबरची बिलं महिना संपायची वाट न बघता पहिल्या पंधरवड्यातच पाठवावीत, आणि 15 तारखेनंतर पाठवलेल्या बिलाचे पैसे फेब्रुवारीत येतील असं धरून चालावं. आधी आले तर बरंच.

उलटा हिशेब कसा मांडायचा

एक कागद आणि अर्धा तास पुरतो. सर्वांत वर पुढच्या पगाराची तारीख लिहा. आजपासून त्या तारखेपर्यंतचे दिवस मोजा. बोटावर नको, कॅलेंडर समोर ठेवून मोजा. मग त्या दिवसांत जाणारं प्रत्येक ठरलेलं देणं तारखेसकट लिहून काढा: घरभाडं, कर्जाचे हप्ते, वीज, फोन, फी, विमा, आधीचं कार्डाचं बिल. रोजच्या खर्चासाठी मागच्या तीन साध्या महिन्यांची सरासरी घ्या आणि तिला दिवसांनी गुणा. एकूण बेरजेवर दहा टक्के गळतीसाठी धरा. खात्यातल्या पैशांतून हे सगळं वजा केल्यावर जे उरतं, तो सणाचा पैसा.

आकडे घालून पाहू. चलन कोणतंही समजा. 22 डिसेंबरला पगारासकट खात्यात 50,000 आहेत. घरभाडं 12,000, 1 तारखेला. कर्जाचा हप्ता 4,000, 25 तारखेला. वीज, फोन, इंटरनेट मिळून 2,500. रोजचा खर्च 350. आता सवयीने केलेला हिशेब असा होतो: 12,000 भाडं, 4,000 हप्ता, 2,500 बिलं, तीस दिवसांचे 10,500. एकूण 29,000. म्हणजे हातात 21,000 मोकळे! मग त्या 21,000 वर खरेदीची यादी तयार होते.

तोच हिशेब तारखा बघून करा. 22 डिसेंबर ते 31 जानेवारी या काळात 25 तारीख दोनदा येते, त्यामुळे हप्ता 8,000. रोजचा खर्च 40 दिवसांचा, 14,000. जानेवारीत भरायचा वार्षिक विमा 5,000, जो पहिल्या हिशेबात आलाच नव्हता. भाडं आणि बिलं तीच. बेरीज 41,500, त्यावर गळतीचे 4,150, एकूण 45,650. उरले 4,350. एकाच घराचा, एकाच दिवशीचा हिशेब, पण 21,000 आणि 4,350 एवढा फरक. हा फरक सहसा क्रेडिट कार्डावर जाऊन बसतो आणि तिथून लवकर उठत नाही.

उत्तर उणे आलं तरी कागद बाजूला सारू नका. डिसेंबरच्या सुरुवातीला उणे दिसलं तर हातात बरंच काही असतं: प्रवास एका दिवसाने मागेपुढे करणं, हप्त्याची तारीख पगारानंतरची करून घेणं (बऱ्याच बँका आणि कार्ड कंपन्या विनंतीवरून तारीख बदलून देतात, पण एक-दोन आठवडे लागतात), वार्षिक विमा तिमाही हप्त्यांत भरणं. जानेवारीच्या 18 तारखेला उणे दिसलं तर हातउसने मागण्यापलीकडे फारसं काही उरत नाही.

गेल्या वर्षीचं खरं बिल

सणाला किती लागतात याचा अंदाज आठवणीतून काढू नका. आठवणीत मोठ्या भेटवस्तू राहतात, त्यांच्यामागची शेपूट राहत नाही. गेल्या वर्षीची नोव्हेंबर ते जानेवारीची बँक आणि कार्डाची स्टेटमेंटं काढा आणि सणामुळे झालेल्या प्रत्येक नोंदीवर खूण करा. शेपटात काय काय निघतं ते पाहण्यासारखं असतं: वेष्टनाचा कागद आणि कुरिअर, स्टेशन किंवा विमानतळापर्यंतची टॅक्सी, जादा सामानाचे पैसे, पाळीव प्राण्याला ठेवायचा खर्च, कामाला येणाऱ्या माणसांची बक्षिसी, ऑफिसातली वर्गणी, शाळेतल्या कार्यक्रमाचा पोशाख, ऐन वेळी बाहेरून मागवलेलं जेवण. एकेक नोंद किरकोळ असते, बेरीज मात्र भेटवस्तूंच्या जवळपास जाऊ शकते.

एटीएममधून काढलेल्या रोख रकमेपुढे नेमका खर्च आठवत नसेल तर त्या काळात एरवीपेक्षा जास्त काढलेली सगळी रोख सणाच्या नावे मांडा. थोडा अन्याय होईल, पण आकडा खऱ्याच्या जवळ येईल.

हा आकडा आणि वरचा सणाचा पैसा शेजारी ठेवा. गेल्या वर्षी 18,000 गेले आणि यंदा 4,350 उरतात, तर सगळ्याच गोष्टी थोड्या-थोड्या कापण्यात अर्थ नाही. थोडं-थोडं कापलेलं पहिल्याच आठवड्यात भरून निघतं. एखादी बाब अख्खी काढा: यंदा प्रवास नाही, किंवा यंदा मोठ्यांनी मोठ्यांना भेटी द्यायच्या नाहीत. एकदाच सांगावं लागतं आणि मग रोज मनाशी झगडावं लागत नाही.

भेटी

यादी माणसांची करा, वस्तूंची नको. नाव, कमाल रक्कम, काय घेतलं, प्रत्यक्षात किती लागले: चार रकाने. कमाल रक्कम दुकानात शिरण्याआधी लिहिलेली हवी. यादीत सहसा दोन-तीन नावं अशी सापडतात की ज्यांना आपण देतो म्हणून ते देतात आणि ते देतात म्हणून आपण देतो. दोन्ही बाजूंना नकोसा झालेला हा व्यवहार कुणीतरी आधी बोलून थांबवावा लागतो. नोव्हेंबरात फोन करून सांगितलं तर वाईट वाटत नाही, समोरच्याने खरेदी केल्यावर सांगितलं तर वाटतं.

महागडी भेट म्हणजे चांगली भेट हे गणित जुळत नाही, याला अर्थशास्त्राचाही आधार आहे. जोएल वॉल्डफोगेल या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने 1993 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांना विचारलं होतं की मिळालेली भेट तुमच्या लेखी किती किमतीची. दिलेल्या किमतीच्या एक दशांशापासून एक तृतीयांशापर्यंत मूल्य वाटेतच गळतं, असा त्याचा अंदाज निघाला. मित्रांनी आणि जोडीदाराने दिलेल्या भेटी सर्वांत नेमक्या, दूरच्या नातलगांनी दिलेल्या वस्तू सर्वांत चुकलेल्या. म्हणजे ज्याची आवड माहीत नाही त्याच्यासाठी बजेट वाढवण्यापेक्षा त्याला सरळ विचारावं, नाहीतर रोख पाकीट द्यावं. पाकीट कोरडं वाटतं, हे खरं. पण कपाटात पडून राहिलेली वस्तू त्याहून कोरडी.

गिफ्ट कार्ड देताना दोन गोष्टी बघा. मुदत किती, आणि ते एकाच दुकानाचं आहे का. दुकान दिवाळखोरीत गेलं तर कार्ड बाळगणारा माणूस इतर विनातारण घेणेकऱ्यांच्या रांगेत उभा राहतो, आणि ती रांग लांब असते. स्वतःला मिळालेलं कार्ड म्हणूनच महिनाभरात वापरून टाकावं.

लवकर खरेदी करण्याचा सल्ला सगळेच देतात. त्यातला खड्डा परतीच्या मुदतीत असतो. परत करायची मुदत बहुधा खरेदीच्या किंवा घरपोच मिळाल्याच्या दिवसापासून मोजली जाते. 30 दिवसांची मुदत असेल आणि वस्तू 10 नोव्हेंबरला आली असेल, तर डिसेंबरअखेर पुडकं उघडेपर्यंत ती संपलेली असते. काही दुकानं सणासाठी मुदत वाढवून देतात. ते पावतीवर लिहिलेलं आहे का, एवढं पाहा. कपडे आणि बूट, म्हणजे मापाच्या वस्तू, म्हणूनच शेवटी घ्याव्यात, आणि माप नसलेल्या वस्तू आधी.

सूट, ऑफर आणि शून्य व्याज

‘40 टक्के सूट, वर आणखी 20 टक्के’ म्हणजे 60 टक्के होत नाहीत. 100 चे 60 होतात, मग 60 वर 20 टक्के सुटून 48. एकूण सूट 52 टक्के. ‘दोनवर एक फुकट’ म्हणजे 33 टक्के सूट, तीही तिन्ही वस्तू हव्या असतील तरच. घरपोच फुकट मिळावं म्हणून 150 ची वस्तू जादा घेऊन 60 चा डिलिव्हरी खर्च वाचवणं हा आवळा वाचवून कोहळा देण्याचा प्रकार, आणि तो आपण सगळेच करतो.

छापील किमतीवरची सूट बघू नका, आधीची विक्रीची किंमत बघा. ज्या मोठ्या वस्तू घ्यायच्याच आहेत त्यांची किंमत सेलच्या दीड-दोन महिने आधी स्क्रीनशॉट काढून ठेवा. सेलच्या आदल्या आठवड्यात किंमत चढवून मग पाडल्याचं त्यावरून कळतं.

शून्य व्याजाच्या हप्त्यांचा हिशेब जरा खोलात जाऊन पाहू. एखादी वस्तू 2,000 च्या सहा बिनव्याजी हप्त्यांत मिळते, म्हणजे 12,000. तीच वस्तू एकरकमी घेतली तर 11,000. दुकानदार म्हणेल व्याज शून्य. प्रत्यक्षात तुम्ही 11,000 ची वस्तू उधारीवर घेऊन 1,000 जास्त देता. हे 9 टक्के दिसतं, पण 11,000 सहा महिने तुमच्याकडे राहतच नाहीत. पहिल्याच महिन्यात 2,000 परत जातात, मग आणखी 2,000. घटत्या रकमेवर मोजलं तर दर महिन्याला साधारण अडीच टक्के, वर्षाला 30 टक्क्यांच्या आसपास पडतो. म्हणून हप्त्याचं विचारण्याआधी एकच प्रश्न: ‘रोख दिले तर किती?’ दोन्ही किमती खरोखर सारख्या असतील आणि प्रोसेसिंग फी नसेल, तर हप्ते जरूर घ्या. मात्र प्रत्येक हप्ता उलट्या हिशेबाच्या कागदावर चढवा.

‘आत्ता घ्या, नंतर द्या’ या प्रकारात अडचण रकमेची कमी आणि तारखांची जास्त. चार दुकानांत चार-चार हप्त्यांवर घेतलं की पैसे कापले जायच्या सोळा तारखा होतात आणि त्या कुणाच्याही लक्षात राहत नाहीत. वस्तू परत केली तरी परतावा नोंदला जाईपर्यंत हप्ते कापले जाऊ शकतात, हेही लक्षात असू द्या.

क्रेडिट कार्ड: दोन तारखा आणि एक सापळा

ऋण काढून सण करू नये हे पूर्वी सांगावं लागायचं, कारण ऋण काढायला कुणाच्या तरी दारात जावं लागे आणि ते जाताना जाणवे. कार्डात तेवढा अडसर राहिलेला नाही. बाकी कार्ड हे साधन म्हणून वाईट नाही. त्याचं घड्याळ समजून घेतलं पाहिजे.

कार्डाच्या दोन तारखा असतात: स्टेटमेंट निघायची आणि पैसे भरायची. समजा स्टेटमेंट दर महिन्याच्या 20 तारखेला निघतं आणि पैसे पुढच्या 10 तारखेला भरायचे असतात. 19 डिसेंबरला केलेली खरेदी 10 जानेवारीला भरावी लागेल, म्हणजे 22 दिवस बिनव्याजी. 21 डिसेंबरला केलेली खरेदी 20 जानेवारीच्या स्टेटमेंटमध्ये येईल आणि 10 फेब्रुवारीला भरावी लागेल: 51 दिवस. दोन दिवसांच्या फरकाने जवळपास एक महिना मिळतो. अगदी काठावरच्या तारखेला खरेदी करू नका, कारण दुकानाकडून नोंद पोहोचायला एक-दोन दिवस लागतात. आणि हे 51 दिवस म्हणजे जादा पैसे नव्हेत. 10 फेब्रुवारीचा आकडा आजच कागदावर चढला पाहिजे.

आता सापळा. बिनव्याजी मुदत मिळते ती आधीचं बिल पूर्ण भरलेलं असेल तरच. थोडीशीही बाकी पुढे ओढली, तर बहुतेक कार्डांवर नव्या खरेदीलाही पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. ज्यांच्या कार्डावर ऑक्टोबरपासूनची बाकी आहे, त्यांनी सणाची खरेदी त्याच कार्डावर करूच नये. डेबिट कार्ड किंवा रोख वापरावी. दोन टक्के कॅशबॅकसाठी महिना तीन टक्के व्याज भरण्यात काही कमाई नाही.

मग ती ‘किमान देय रक्कम’. बिलावर ती ठळक छापलेली असते आणि ती भरली की विलंब शुल्क टळतं, म्हणून काम झाल्यासारखं वाटतं. 10,000 ची बाकी, महिना 3 टक्के व्याज आणि किमान देय बाकीच्या 5 टक्के, असं धरू. नवीन खरेदी काहीच नाही. पहिल्या महिन्यात 300 व्याज चढून 10,300 होतात, त्यातले 515 तुम्ही भरता, उरतात 9,785. असं बारा महिने केलं की तुम्ही एकूण साधारण 5,500 भरलेले असतात आणि बाकी असते अजून 7,700. भरलेल्यातले 3,200 व्याजातच गेले. बाकी उतरते तसा किमान आकडाही उतरत जातो, म्हणून हे कर्ज वर्षानुवर्षं रेंगाळतं.

त्याऐवजी दर महिन्याला ठरवून 1,000 भरले तर? बारा महिन्यांनी बाकी उरते 66. व्याज जातं सुमारे 2,070. पहिल्या महिन्यातला फरक फक्त 485 चा होता. त्यामुळे पूर्ण बिल भरणं शक्य नसेल तेव्हा किमान रकमेचा ऑटो-पे लावून त्यावर विसंबू नका. स्वतःचा एक ठरावीक आकडा लावा आणि बाकी उतरली तरी तो उतरवू नका.

कार्डावर रोख काढणं शक्य तितकं टाळा: शुल्क वेगळं, आणि व्याज त्याच दिवसापासून. परत केलेल्या वस्तूचा परतावा कार्डावर जमा झाला तरी बहुतेक ठिकाणी तो ‘भरणा’ म्हणून धरला जात नाही. स्टेटमेंटवरची किमान रक्कम तरीही तारखेला भरावी लागते. परतावा येणार म्हणून भरणा चुकवला आणि विलंब शुल्क लागलं, ही जानेवारीतली नेहमीची तक्रार.

नव्या वर्षात घरासाठी किंवा गाडीसाठी कर्जाचा अर्ज करायचा असेल तर आणखी एक. कार्डाच्या मर्यादेपैकी किती वापरलंय हे क्रेडिट स्कोअरमध्ये मोजलं जातं आणि सहसा स्टेटमेंटच्या दिवशीची बाकीच कळवली जाते. स्टेटमेंट निघण्याआधीच दोन-तीन दिवस पैसे भरून टाकले तर आकडा खाली दिसतो. मर्यादेच्या 30 टक्क्यांच्या आत राहावं, असा सर्वसाधारण सल्ला आहे.

प्रवासात

परदेशात कार्डाच्या मशीनवर कधी कधी विचारलं जातं: स्थानिक चलनात की तुमच्या देशाच्या चलनात? दर वेळी स्थानिक चलन निवडा. आपल्या चलनातला आकडा ओळखीचा वाटतो, पण तो दर मशीन चालवणारा ठरवतो आणि त्यात त्याचा नफा मिसळलेला असतो.

हॉटेल आणि भाड्याची गाडी देणारे अनामत म्हणून काही रक्कम अडवून ठेवतात. क्रेडिट कार्डावर अडवली तर तुमची मर्यादा कमी होते. डेबिट कार्डावर अडवली तर खात्यातले खरे पैसे अडकतात, आणि मोकळे व्हायला काही दिवस ते दोन आठवडेही लागू शकतात. नेमक्या त्याच काळात घरभाड्याचा ऑटो-पे परत जातो. अनामत क्रेडिट कार्डावर, खर्च कशावरही.

या दिवसांत पार्सल अडकल्याचे आणि ‘पत्ता अपुरा आहे, छोटी फी भरा’ असे मेसेज खूप फिरतात. खरोखर पार्सलची वाट बघत असल्यामुळे शहाणी माणसंही लिंक दाबतात. फी किरकोळ असते, त्यांना हवा असतो कार्ड नंबर. पार्सल कुठे आहे ते जिथून मागवलं त्या अ‍ॅपमध्येच बघावं. गिफ्ट कार्डाचे नंबर वाचून दाखवायला सांगणारा प्रत्येक फोन बनावट समजावा.

बोनस

खात्यात येईपर्यंत बोनस नाही असं धरा, आणि आल्यावर कर कापून उरलेला आकडाच खरा. वाटणी आधी लिहून ठेवा, कारण आलेल्या बोनसची वाटणी करताना हात सैल होतो. कार्डाची बाकी असेल तर आमच्या मते निम्मा तरी तिकडेच: महिना 3 टक्के म्हणजे वर्षाला साधे 36, चक्रवाढीने साडेबेचाळीस टक्के. एवढा परतावा खात्रीने देणारी गुंतवणूक बाजारात नाही. उरलेल्यातला काही भाग हौसेला मोकळा सोडा. शून्य हौसेचं बजेट जानेवारीपर्यंत टिकत नाही.

जानेवारीचा पहिला पंधरवडा

सगळं एका रविवारी उरकू नका, क्रम ठेवा.

आधी नुकसान मोजा. किती कार्डांवर किती बाकी, दर किती, हप्ते कुणाकुणाचे, शेवटची तारीख कोणती. आकडा वाईट असेल तरी एकाच ठिकाणी लिहिलेला असला की हाताळता येतो. सगळ्या कर्जांवर किमान रक्कम भरून, वर जे उरेल ते एकाच कर्जावर टाका. सर्वांत जास्त दराचं कर्ज आधी घेतलं तर एकूण व्याज सर्वांत कमी जातं. सर्वांत लहान कर्ज आधी घेतलं तर पैसे थोडे जास्त जातात, पण एक खातं लवकर बंद होतं आणि हुरूप येतो. ज्यांची चार-पाच छोटी कर्जं आहेत त्यांना दुसरी रीत बऱ्याचदा जास्त मानवते.

मग सबस्क्रिप्शन. सुट्टीत घेतलेल्या फुकट चाचणीच्या मुदती जानेवारीतच संपतात: 26 डिसेंबरला सुरू केलेली 30 दिवसांची चाचणी 25 जानेवारीला पैसे कापते. गजर दोन दिवस आधीचा लावा. फोनवरून अ‍ॅप काढून टाकल्याने सबस्क्रिप्शन रद्द होत नाही, ते खात्यात जाऊन रद्द करावं लागतं. जिमची वार्षिक वर्गणी दहा महिन्यांच्या पैशांत बारा महिने देते, पण मार्चमध्ये जाणं थांबलं तर सात महिन्यांचे पैसे पाण्यात. पहिले तीन महिने मासिक दराने भरा. टिकलात तर मग वार्षिक घ्या.

विम्याचं नूतनीकरण आपोआप होऊ देण्याआधी एकदा दर विचारा, आणि वारसाचं नाव अजून बरोबर आहे का तेही बघा. लग्न, घटस्फोट, मूल, मृत्यू यांनंतर ते नाव बदलायचं राहून जातं.

कराच्या बाबतीत जानेवारी सगळीकडे सारखा नाही. अमेरिकेत वैयक्तिक कराचं वर्ष 31 डिसेंबरला संपतं, भारतात 31 मार्चला, ब्रिटनमध्ये 5 एप्रिलला, ऑस्ट्रेलियात 30 जूनला. वर्ष डिसेंबरात संपतं तिथे करसवलतीच्या गुंतवणुकीचा आणि देणग्यांचा पैसा सणाच्याच पैशांशी भांडतो. मार्च किंवा एप्रिलमध्ये संपतं तिथे तो फेब्रुवारी-मार्चमध्ये लागतो, म्हणून सणाचा उलटा हिशेब तिथे मार्चअखेरपर्यंत न्यावा. देणग्यांच्या पावत्या आत्ताच एका फोल्डरमध्ये टाका.

पुढच्या सणाचा डबा

गेल्या वर्षीच्या खर्चाला बाराने भागा. 18,000 लागले असतील तर महिना 1,500. पगाराच्या दुसऱ्या दिवशी ते आपोआप वेगळ्या खात्यात जातील अशी सूचना बँकेला द्या. खातं वेगळं हवं आणि त्याचं डेबिट कार्ड पाकिटात नको. जानेवारीत कर्ज फेडण्यात हात अडकलेला असेल तर एप्रिलपासून सुरू करा, नोव्हेंबरपर्यंत आठ हप्ते होतात, महिना 2,250. सप्टेंबरपर्यंत काहीच सुरू झालं नाही तर तीन महिन्यांत महिना 6,000 काढावे लागतील, जे बहुतेकांना जमत नाही आणि गाडी पुन्हा कार्डावर येते.

सणासाठी पैसे साठवण्याची कल्पना जुनी आहे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या कार्लाइल इथल्या एका बँकेने 1909 साली खास ख्रिसमससाठीचं बचत खातं काढलं होतं आणि मग ती रीत इतर बँकांनी उचलली. पण पैसा कुणाकडे साठवतो हे बघावं लागतं. ब्रिटनमध्ये वर्षभर हप्ते घेऊन सणाला व्हाउचर आणि सामानाच्या पेट्या देणारी फेअरपॅक ही कंपनी ऑक्टोबर 2006 मध्ये, ऐन सणाच्या तोंडावर बुडाली आणि हजारो कुटुंबांची वर्षभराची बचत अडकली. तो पैसा बँकेतल्या ठेवीसारखा संरक्षित नव्हता. दुकानांच्या आगाऊ हप्त्यांच्या योजनांना आणि ओळखीतल्या भिशीलाही हेच लागू. भिशीत शिस्त चांगली लागते, पण तिथे भरवसा असतो तो फक्त माणसांचा. म्हणून सभासद थोडे, चांगले ओळखीचे आणि नंबर लेखी ठेवा.

डब्यात जमलेले पैसे नोव्हेंबरात एकदम मोठ्या खात्यात आणू नका. आठवड्याला लागतील तेवढेच वळवा. सण संपल्यावर डब्यात काही उरलं तर तिथेच राहू द्या आणि जानेवारीपासूनचा मासिक हप्ता तेवढ्या हिशेबाने कमी करा: 2,400 उरले असतील तर पुढचं वर्षभर महिना 1,500 ऐवजी 1,300.